वाचक विचारतात: अकाउंट्समधल्या माणसाचा शाळेशी काय संबंध?

मागच्या अंकात याच पानाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट होती, नायजेरियातले सनदी अधिकारी सिमियन अडेबो यांच्याबद्दल. रेल्वेत हिशेबाचं काम करता करता बीए झाले आणि पुढे अख्ख्या प्रांताची तिजोरी सांभाळली, बस एवढंच होतं त्यात. पण त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप आलेत की या वेळी सगळं पान त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून सांगते, माझी स्वतःची सगळी नोकरी कोषागारात गेली, त्यामुळे तिजोरी सांभाळणाऱ्या माणसाबद्दल मला जरा जास्तच आपुलकी आहे.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी जिल्हा परिषदेत वित्त विभागात कनिष्ठ सहाय्यक आहे. वडील तिथंच शिपाई होते, ते गेल्यावर अनुकंपावर लागलो. दोन भाऊ, एक बहीण, तिघांचं शिक्षण माझ्या पगारातून झालं, आता माझी दोन मुलं शाळेत. माझं बीए पहिल्या वर्षालाच सुटलं, आता वय गेलं. तुमची चौकट वाचली आणि रात्रभर डोक्यात तेच. त्या अडेबोंना हे जमलं कसं? आणि आमच्यासारख्या अकाउंट्समधल्या माणसाचा शिक्षणाशी संबंध तरी काय, आम्ही तर फक्त बिलं बघतो. – एक वाचक, विजापूर रोड

दादा, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला पटलेलं नाही, पण त्याच्याकडे नंतर येते. आधी माणूस सांगते.

अडेबो १९१३ सालचे, आबेओकुटा गावचे. हे गाव नायजेरियाच्या नैऋत्येला, योरुबा लोकांचं, आणि निळीत रंगवलेल्या कापडासाठी नावाजलेलं, म्हणजे आपलं सोलापूर जसं चादरींचं तसं ते त्या कापडाचं. लागोसच्या किंग्ज कॉलेजात शिकले, ही १९०९ साली सुरू झालेली सरकारी शाळा. १९३३ ला रेल्वेत लागले, हिशेब खात्यात, शिकाऊ. आता बघा, त्या वेळी नायजेरियात एकही विद्यापीठ नव्हतं, इबादानचं युनिव्हर्सिटी कॉलेज निघालं ते १९४८ साली. म्हणजे ज्याला डिग्री पाहिजे त्यानं एकतर बोटीचं भाडं आणि इंग्लंडातला खर्च उभा करायचा, नाहीतर लंडन विद्यापीठाची परीक्षा बाहेरून द्यायची. अडेबोंनी दुसरा रस्ता धरला. दिवसा रेल्वेची खातेवही, बाकीच्या वेळात अभ्यास, आणि १९३९ ला बीए ऑनर्स. १९४१ ला लग्न, १९४२ ला प्रशासकीय सेवेत निवड, आणि त्यानंतर लंडनला जाऊन कायद्याची पदवी घेतली, बॅरिस्टरही झाले. म्हणजे रेल्वेत चिकटल्यापासून पहिली डिग्री हातात येईपर्यंत सहा वर्षं गेली. हे मुद्दाम सांगतेय कारण तुम्ही लिहिलंय 'आता वय गेलं'. वय बियं काही गेलेलं नाही, तीन वर्षांचा कोर्स तुम्हाला पाच वर्षांत झाला तरी चालतो.

आता तुमचा खरा प्रश्न, अकाउंट्सचा शिक्षणाशी काय संबंध.

१७ जानेवारी १९५५ ला नायजेरियाच्या पश्चिम प्रांतात प्राथमिक शिक्षण मोफत झालं. कल्पना ओबाफेमी आवोलोवो या प्रांताच्या नेत्याची, आराखडा त्यांचे शिक्षणमंत्री स्टीफन आवोकोया यांचा, त्याचं श्रेय त्या दोघांचंच. पण पटावरची पोरं एका वर्षात साधारण साडेचार लाखांवरून आठ लाखांच्या वर गेली. एका वर्षात! या पोरांना बसायला खोली, खडू, फळा आणि सगळ्यात मोठं म्हणजे मास्तरांचा पगार, दर महिन्याला. पैसा यायचा कोकोमधून, शेतकऱ्यांचा कोको सरकारी विक्री मंडळामार्फत बाहेरदेशी विकला जायचा, त्यातून आणि लोकांवर बसवलेल्या करातून. कर म्हटल्यावर लोक चिडले, विरोध झाला, निवडणुकीत फटका बसला. आणि कोकोचा भाव काय आपल्या हातात असतो का, या वर्षी वर, पुढच्या वर्षी खाली. मग योजना पहिल्या वर्षी वाजतगाजत सुरू होते आणि तिसऱ्या वर्षी गपगार बंद पडते, असं होऊ नये म्हणून वर्षामागून वर्ष ताळमेळ घालायचं काम कुणाचं? अर्थ खात्याचं. त्या दशकात अडेबो तिथं होते, अर्थ मंत्रालयाचे परमनंट सेक्रेटरी, म्हणजे आपल्याकडच्या सचिवासारखे खात्याचे सर्वात वरचे सनदी अधिकारी झाले, पुढे प्रांताच्या सगळ्या सनदी सेवेचे प्रमुख झाले, त्या जागेवर बसलेले पहिले नायजेरियन. शिक्षण खात्याच्या पाटीखाली न बसताही माणूस किती मुलांच्या शिक्षणात असू शकतो, ते इथं दिसतं.

आणि नायजेरिया लांब वाटत असेल तर आपल्या टेबलावर या. मार्च एंड तुम्हाला सांगायला नको. एकदा असंच शेवटच्या आठवड्यात एका तालुक्यातल्या शाळेचं बिल आलं होतं, मुलींच्या स्वच्छतागृहाचं. काम झालेलं, मोजमाप झालेलं, फक्त एक दाखला जोडायचा राहिलेला. नियमानं आक्षेप लावायचा आणि परत पाठवायचं, आक्षेप लावणाऱ्याची यात काही चूक नाही, पण बिल पोस्टानं फिरून येईपर्यंत ३१ तारीख जाणार आणि निधी अखर्चित म्हणून परत जाणार. आमच्याकडचा एक लिपिक होता, त्यानं आक्षेप तर लावलाच, नियम मोडला नाही, पण सोबत फोन उचलला, मुख्याध्यापकांना सांगितलं की दाखला घेऊन माणूस एसटीनं पाठवा, मी थांबतो. संध्याकाळी सात वाजता माणूस आला, घामाघूम, दाखला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. बिल पास झालं. त्या शाळेतल्या पोरींना या लिपिकाचं नाव माहीत नाही आणि कधी होणारही नाही. दादा, तुम्ही 'फक्त बिलं बघतो' म्हणता ना, ते 'फक्त' काढून टाका.

आता व्यवहाराचं. बीए पूर्ण करायला नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून आपल्यासारख्या नोकरदारांसाठीच चाललंय, अभ्यासकेंद्र सोलापुरात आहे. प्रवेशाआधी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत स्वतःकडे ठेवा, नंतर सेवापुस्तकात नोंद करताना तीच कामाला येते. पत्रात पुढं वकिलीचंही म्हणालात, तर एलएलबी मुक्त विद्यापीठातून चालत नाही, बार कौन्सिलला नियमित कॉलेज लागतं, त्यामुळे आधी बीए, मग बघू. अभ्यासाला मुलांसोबतच बसा, एकाच टेबलावर. मुलं बापाला अभ्यास करताना बघतात तेव्हा त्यांना 'अभ्यासाला बस' म्हणून ओरडायची गरज निम्म्यानं कमी होते, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

प्रश्न : काकू, मी पाच्छा पेठेत राहते, बिड्या वळते. मिस्टर सरकारी नोकरीत आहेत. लग्न होऊन आले तेव्हापासून दिराची फी, नणंदेची फी, आता पुतण्याची फी. माझ्या पोरीच्या क्लासची फी भरायची वेळ आली की पैसे नसतात. मी काही बोलले की 'मोठ्याचं कर्तव्यच आहे' म्हणतात. तुमच्या त्या आफ्रिकेच्या साहेबाच्या बायकोनं काय केलं असेल हो?

ताई, त्यांच्या घरातलं आतलं मला माहीत असायचं कारण नाही, पण त्यांच्याकडची रीत सांगते, त्यात तुमच्या कामाचं बरंच आहे.

तिकडंही मोठ्यानंच सगळ्यांचं करायचं असतं. घरातला एक जण शिकला, सरकारी खुर्चीवर बसला की त्याच्या पगारावर भाऊ, बहिणी, चुलतभाऊ, गावाकडच्या मावशीचा मुलगा, सगळ्यांचा हक्क. नुसत्या घराचाच नाही, कुठं कुठं अख्ख्या समाजाचा. इबिबिओ नावाचा एक समाज आहे तिकडं आग्नेयेला, त्यांच्या संघानं गावोगावच्या गरीब लोकांकडून पैसे गोळा केले आणि १९३८ साली सहा मुलं परदेशी शिकायला पाठवली. आपल्या भिशीसारखी पद्धत योरुबा लोकांत पिढ्यान्‌पिढ्या आहे, दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकायची आणि पाळीपाळीनं एकेकीनं उचलायची, कितीतरी पोरांची शाळेची फी अशीच भरली गेलीय.

पण यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्याकडं लोक सोयीनं विसरतात. योरुबा बाईचा पैसा तिचा स्वतःचा असतो. ती बाजारात बसते, कापड विकते, रताळी विकते, आणि तिची कमाई नवऱ्याच्या कमाईत मिसळून जात नाही, तिचा हिशेब वेगळा, तिचा शब्दही वेगळा. मुलांच्या शाळेचा मोठा वाटा आया अशाच भरत आल्यात. म्हणजे नवऱ्यानं भावाचं केलं तरी बाईच्या हातात स्वतःचं काहीतरी असतं, आणि म्हणून घरात बोलताना ती बरोबरीनं बोलते.

ताई, तुम्ही पण कमावता. पानं भिजवायची, कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, हजार बिड्या वळेपर्यंत पाठीचं काय होतं ते मला शेजारणींकडं बघून माहितीय. ती मजुरी तुमच्या नावाच्या खात्यात जमा होते का ते आधी बघा, आणि होत असेल तर एटीएम कार्ड कुणाकडंय ते बघा. बिडी कामगाराच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती असते, त्याला तुमचं ओळखपत्र लागतं, ते नसेल तर या महिन्यातच काढा. मग मिस्टरांसोबत बसा, भांडायला नाही, वही घेऊन. पुतण्याला किती, पोरीला किती, आणि पुतण्याचं अजून किती वर्षं, सगळं त्यांच्याच हातानं लिहून घ्या. मोठ्यानं करायचं हे मला मान्यच आहे, दिराला शिकवलंत ते पुण्याचं काम झालं, पण दीर आता कमावतो ना? मग त्याच्या मुलाच्या फीमध्ये पहिला वाटा त्याचा. कर्तव्य पुढं सरकलं पाहिजे, एकाच पगारावर तीस वर्षं बसून राहिलं तर त्यात पोरगी भरडली जाते. आणि ती पोरगी आहे म्हणून तिचा क्लास शेवटी येत असेल तर ते मला अजिबात चालणार नाही, हे मिस्टरांना हे पान दाखवून सांगा.

प्रश्न : मॅम, मी दयानंद कॉलेजला आहे आणि एमपीएससी करतेय. या सगळ्या गोष्टीत पुरुषच दिसतात. नायजेरियात बायका नव्हत्या का सरकारी सेवेत? – टी.वाय.ची विद्यार्थिनी

होत्या बाळा, पण त्यांना उशिरा आत घेतलं. मुलांचं किंग्ज कॉलेज १९०९ चं आणि मुलींचं क्वीन्स कॉलेज १९२७ चं, म्हणजे अठरा वर्षांचा फरक सुरुवातीलाच पडला. फ्रान्सेस्का येतुंदे इमॅन्युएल हे नाव लिहून ठेव. १९५९ ला त्या प्रशासकीय सेवेत आल्या, तेव्हा त्या पदावर दुसरी बाई नव्हती, आणि १९७५ ला केंद्र सरकारच्या पहिल्या महिला परमनंट सेक्रेटरी झाल्या.

आणि अडेबोंच्याच आबेओकुट्याच्या एक बाई, फुनमिलायो रॅन्सम-कुटी. त्या गावच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकलेल्या पहिल्या मुलींपैकी, पुढे शिक्षिका. त्यांनी आधी शिकल्यासवरल्या बायकांचा क्लब काढला, मग बाजारात बसणाऱ्या बायकांना लिहावाचायला शिकवायला लागल्या, आणि तिथं त्यांना कळलं की या बायकांवर कसला कर लावलाय आणि तो कसा वसूल होतो. मग हजारो बायका राजवाड्यासमोर बसल्या, आंदोलन चाललं, आणि १९४९ च्या सुरुवातीला तिथल्या राजाला गादी सोडावी लागली. सुरुवात कुठून झाली बघ, साक्षरतेच्या वर्गातून. मुलाखतीत महिला आणि प्रशासन असा विषय निघाला तर हे दोन दाखले तुझ्याकडं असू देत, पण पाठ करून बोलू नकोस, नीट समजून बोल. आणि अभ्यासाला घरी जागा नसेल तर हिराचंद नेमचंद वाचनालयात जा, लवकर गेलीस तर खुर्ची मिळते.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक. मोफत शिक्षण जाहीर करणं सोपं, टिकवणं अवघड. नायजेरियात ते टिकलं का? खरं सांगा. – जुळे सोलापूर

सर, खरं सांगायचं तर नीट टिकलं नाही.

पश्चिम प्रांतानं १९५५ ला केलं ते बघून पूर्व प्रांतानं १९५७ ला केलं, पण तयारी नव्हती, वर्षभरात पैसा संपला आणि १९५८ ला बऱ्याच वर्गांना फी परत आली, तेव्हा तिथल्या बायका रस्त्यावर उतरल्या होत्या. मग १९६० ला स्वातंत्र्य, नंतर १९६७ ते १९७० यादवी युद्ध. १९७६ ला तेलाचा पैसा हातात असताना अख्ख्या देशासाठी मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, पोरं अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आली, आणि तुम्हाला सांगायला नको की खोल्या बांधता येतात पण मास्तर एका वर्षात तयार होत नाही. तेलाचे भाव पडल्यावर काही ठिकाणी परत फी. २००४ ला कायदाच केला, नऊ वर्षांचं शिक्षण मोफत आणि सक्तीचं, आपल्याकडं २००९ ला झाला तसा. आणि तरी आज तिथं शाळेबाहेर असलेल्या मुलांचा आकडा एक कोटीच्या वर सांगतात, त्यात उत्तरेकडचं प्रमाण जास्त. त्याच उत्तरेत चिबोक गावच्या शाळेतून २०१४ साली २७६ मुली पळवून नेल्या होत्या, ते तुम्ही वाचलंच असेल.

पण सर, यावरून '१९५५ चं वाया गेलं' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्या वर्षी पहिलीत बसलेली पोरं सत्तरच्या दशकात शिक्षक झाली, नर्स झाली, इंजिनिअर झाली, आणि त्यांनी आपापल्या धाकट्यांना शिकवलं. तेव्हाही ओरड होतीच की दर्जा घसरला, कच्चे मास्तर भरले, आणि ती ओरड खोटी नव्हती. पण ज्या घरात आधी कुणीच शाळेत गेलं नव्हतं त्या घराला दर्जा नंतर, दार आधी लागतं. आपल्याकडं भाऊराव पाटलांनी १९१९ ला रयत काढली तेव्हाही हेच होतं ना. तुम्ही स्वतः वस्तीशाळेपासून सुरुवात केलीत असं लिहिलंय, मग हे तुम्हाला मी काय समजावणार.

प्रश्न : अडेबो शेवटी राजकारणात गेले का? – होटगी रोड

नाही. १९६२ ला त्यांना संयुक्त राष्ट्रांत नायजेरियाचे कायम प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला पाठवलं, १९६७ पर्यंत तिथं, मग संयुक्त राष्ट्रांच्याच प्रशिक्षण आणि संशोधन संस्थेचे प्रमुख. युद्ध संपल्यावर महागाई प्रचंड वाढली होती तेव्हा सरकारनं पगार ठरवायला आयोग नेमला तो त्यांच्याच अध्यक्षतेखाली. आपण 'सातवा वेतन' म्हणतो तसं तिथले कर्मचारी त्या वाढीला त्यांच्याच नावानं ओळखायचे. नंतर राष्ट्रीय विद्यापीठ आयोगाचे अध्यक्षही होते. म्हणजे ज्यानं स्वतःच्या देशात विद्यापीठ नसताना बाहेरून परीक्षा दिली, त्याच्याकडं देशातल्या विद्यापीठांचं काम आलं. १९९४ ला गेले.

प्रश्न : मॅडम, मिस्टर २००५ नंतर नोकरीला लागलेत, पेन्शनचं टेन्शन आहे. तिकडं काय पद्धत आहे? – एक गृहिणी, सात रस्ता

तिकडं १९७५ ला लष्करी सरकारनं दहा हजारांहून जास्त सरकारी माणसं एका झटक्यात काढली, बऱ्याच जणांना बाजू मांडायचीही संधी नाही, त्यानंतर 'सरकारी म्हणजे पक्की' हा विश्वासच उडाला. २००४ ला त्यांनीही आपल्यासारखी अंशदायी पेन्शन आणली, पगारातून कापायचं आणि सरकारनं त्यात घालायचं. तुमच्या मिस्टरांचं १ नोव्हेंबर २००५ नंतरचं म्हणजे त्याच प्रकारात येतं. त्यांचा प्रान नंबर, म्हणजे पेन्शन खात्याचा कायमचा क्रमांक, तुमच्या वहीत लिहून ठेवा, दर महिन्याची कपात खात्यात जमा झालेली दिसते का ते मोबाईलवर त्यांच्यासोबत बसून बघा, मधले महिने राहिले असतील तर आहरण अधिकाऱ्यांना, म्हणजे कार्यालयात पगाराची बिलं काढणाऱ्या अधिकाऱ्यांना, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लग्नाआधी लागले असतील तर नॉमिनी म्हणून अजून सासूबाईंचंच नाव असेल, ते याच आठवड्यात तपासा.